शिरस्त्राणातला आवाज

हेल्मेट म्हटले, की आपल्याला क्रांती चौकातला पोलीस आठवतो. डोके फुटू नये म्हणून घालायची वस्तू, एवढाच आपला तिच्याशी संबंध. नौदलाच्या जुन्या वैमानिकाच्या शिरस्त्राणाला मात्र आणखी एक काम होते. त्यात कानांवर श्रवणयंत्रे बसवलेली असत. इंजिनाच्या घरघराटात सहकाऱ्याचे बोलणे ऐकू येई, ते त्यांतूनच.

हे बोलणे किती मोलाचे, ते रडारच्या विमानात कळते. देवगिरीच्या पायथ्याशी उभे राहिले तर समोरची झाडी तेवढी दिसते. बारादरी गाठली, की सारा मुलूख उलगडतो. समुद्रावरही तेच. पृथ्वी गोल, त्यामुळे २५ मीटर उंच डोलकाठीवरून समुद्राचा पृष्ठभाग जेमतेम २० किलोमीटरपर्यंत टिपता येतो. १,००० मीटरवरून तोच पल्ला सुमारे १३० किलोमीटर होतो. म्हणून रडार विमानात चढले. सप्टेंबर १९३७ मध्ये ब्रिटनच्या एका ॲन्सन विमानाने खराब हवेत स्वतःच्याच नौदलाची जहाजे अशी हुडकून काढली.

आपल्या नौदलात हे काम फ्रेंच बनावटीच्या ‘आलिझे’ विमानांकडे आले. त्यांची ३१० क्रमांकाची स्क्वॉड्रन २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समध्येच उभी राहिली. विमानात तिघे जण. पोटाखालून रडारचा घुमट खाली सोडायचा, एकाने पडद्यावर डोळे लावायचे, ठिपका उमटला की दिशा आणि अंतर सांगायचे. वैमानिकाने त्या शब्दावर काळोखात विमान वळवायचे. बँकेत आम्हीही दुसऱ्याने तपासलेल्या व्हाउचरवर सही करीत असू. तिथे चुकले तर पैसे जात, इथे प्राण.

डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरच्या आलिझेंनी पूर्वेच्या किनाऱ्यावर रात्रीचे हल्ले केले. पश्चिमेला मात्र किंमत मोजावी लागली. ‘खुकरी’ बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, पंख्यावर चालणारे एक आलिझे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या पाकिस्तानी स्टारफायटरच्या तावडीत सापडले. अशोक रॉय, सिरोही आणि विजयन परतले नाहीत. दूरचे पाहायला उंच चढणारा स्वतःही दुरून दिसतो, हे त्या तिघांना ठाऊक होतेच. तरी ते गेले.

गोव्यात वास्कोजवळ, १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात एक आलिझे उभे आहे. सुटीत मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्याच्यासमोर फोटो जरूर काढा. पण आत बसणारे किती जण होते आणि ते एकमेकांशी कसे बोलत, हेही त्यांना सांगा.