पाण्याजवळचा पहारा

आनंदाचा प्रवास करून आलेल्या माणसाने आनंदच सांगावा, अशी आपली रीत आहे. परंतु १९२४ साली जन्मलेल्या आमच्या वडिलांची शिकवण अशी होती, की प्रवासात आपले जे चुकले तेही चारचौघांना सांगावे, म्हणजे दुसऱ्याचे तरी चुकत नाही. म्हणून वाचक बंधुभगिनींनो, आम्ही उभयतांनी २०२४ च्या नाताळात अमेरिकेत जी सहल केली, तिची हकीकत चुकीसह येथे देत आहोत.

आमची कन्या व जावई शिकागो शहराजवळ राहतात. त्यांना नऊ व सहा वर्षांचे दोन मुलगे आहेत. मूळ गोव्याचे एक ख्रिस्ती कुटुंब त्यांच्या शेजारी राहते. पतिपत्नी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. दोन्ही घरांचा स्नेह सख्ख्या भावंडांसारखा. नाताळ झाल्यावर मुलांना घेऊन सर्वांनी दोन रात्री विस्कॉन्सिन डेल्स येथे काढाव्यात, असे ठरले. शिकागोहून हे गाव सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे.

विस्कॉन्सिन नदी येथे वालुकाश्माच्या उंच कड्यांमधून वाहते. एकोणिसाव्या शतकात हेन्री हॅमिल्टन बेनेट या छायाचित्रकाराने या कड्यांची चित्रे काढली आणि ती पाहून लोकांची रीघ लागली. १९३१ पर्यंत गावाचे नाव किलबोर्न होते. पुढे पाण्याचे खेळ आले. पण तेथील हिवाळा कडक, नदी गोठविणारा. त्यामुळे धंदा उन्हाळ्यापुरताच चाले आणि थंडीत गाव ओस पडे. १९९४ साली तेथील एका निवासगृहाने पाण्याचे खेळ छपराखाली आणले. ही युक्ती फळली. आज तेथे अशी कितीतरी मोठी रिसॉर्ट उभी आहेत आणि भर थंडीतही खोल्या भरलेल्या असतात.

आम्ही उतरलो ते ठिकाण असेच एक होते. बाहेर कानटोपीवाचून पाऊल टाकवेना. आणि एक दार ओलांडताच आत वैशाखातील दुपारसारखी ऊब. डोक्यावर एवढे उंच छत, की खाली आपल्या गावचे चर्च सहज मावावे. रंगीबेरंगी नळकांड्यांच्या घसरगुंड्या भिंतीबाहेर जाऊन पुन्हा आत येत होत्या. एका बाजूस संथ वाहणारा पाट होता. त्यात रबरी कड्यांवर बसून माणसे आरामात फिरत होती. माथ्यावरची एक प्रचंड बादली थोड्या थोड्या वेळाने घंटा वाजवून उलटे आणि खाली जमलेली मुले आनंदाने किंचाळत. उंच घसरगुंडीवर जाण्यास मुलाची उंची १२२ सेंटिमीटर लागे. ती मोजण्यास काठी घेऊन माणूस उभा. आमचा धाकटा नातू टाचा उंचावून पाहत होता, पण तो माणूस फसला नाही.

हवेत औषधाचा उग्र वास होता. आमच्या जावयांनी त्याचे कारण सांगितले. पाणी शुद्ध ठेवण्यास घातलेले क्लोरीन माणसांच्या घामाशी व मूत्राशी मिसळले, की हा वास सुटतो. म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुण्याचा नियम आहे. तो पाळणे हाही शेजारधर्मच नव्हे काय?

शनिवारी, २८ डिसेंबर रोजी, दुपारी आम्ही लाटांच्या तलावाकाठी खुर्च्या मांडून बसलो होतो. हा तलाव समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता असतो. काठाशी घोटाभर पाणी आणि पुढे माणूस बुडेल एवढे. यंत्राने काही मिनिटे लाटा उठवितात, मग पाणी शांत होते. दोघे पुरुष मोठ्या मुलांना घेऊन घसरगुंड्यांकडे गेले होते. छोटी मुलगी शौचास जाऊन आली होती. त्यासाठी तिचे लाइफ जॅकेट काढलेले होते. तिची आई आम्हांला म्हणाली, "आंटी, ही इथेच आहे हं. मी सगळ्यांसाठी खायला घेऊन आलेच." आम्ही उभयता आणि आमची कन्या, तिघांनीही मान हलविली.

तिघांनीही मान हलविली, येथेच सर्व चुकले. कन्येला वाटले, आईबाबा पाहत आहेत. आम्हां दोघांपैकी एकाला वाटले, दुसरा पाहतो आहे. दुसऱ्याला वाटले, कन्या आहेच. गोष्टी गावाकडच्या निघाल्या होत्या आणि फार दिवसांनी आम्ही तिघे निवांत बसलो होतो.

तेवढ्यात लाटा सुरू झाल्याची घंटा वाजली. मुले पाण्यात धावली. त्यांच्याबरोबर तीही गेली. आम्ही तिला पाहिले नाही असे नव्हे. आम्ही तिच्याकडे पाहतच होतो! कमरेपेक्षा थोड्या अधिक पाण्यात ती उभी दिसत होती. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, केस डोळ्यांवर आलेले, आणि दोन्ही हात पाण्यावर दाबल्यासारखे हलत होते. "कशी खेळते आहे पाहा," असे आमच्या तोंडून शब्दही गेले. ती ओरडली नाही. तिने हात वर करून कोणास बोलाविले नाही.

इतक्यात शिटी कर्कश वाजली. उंच खुर्चीवर बसलेली, कॉलेजात शिकत असावी अशी एक जीवरक्षक मुलगी लाल तरंगती नळी घेऊन पाण्यात झेपावली. लाटा तत्क्षणी थांबविण्यात आल्या. छोटीला काठावर आणले, तेव्हा ती खोकत होती. मग मोठ्याने रडू लागली. ते रडणे ऐकून आमच्या जिवात जीव आला. पाणी पोटात व छातीत गेले असल्यास पुढे त्रास होऊ शकतो, म्हणून तेथील मंडळींनी तिला इस्पितळात नेण्यास सांगितले. डॉक्टरांनी काही तास पाहून तिला घरी नेण्यास हरकत नाही असे सांगितले. परमेश्वराचे उपकार!

पण त्या जीवरक्षक मुलीने शांतपणे विचारलेला प्रश्न आमच्या मनातून जात नाही. "मुलीबरोबर कोण होते?" आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. उत्तर कोणाजवळच नव्हते.

आपली समजूत अशी असते, की बुडणारा माणूस हाका मारतो, हातपाय झाडतो. हे खरे नाही. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर अनेक वर्षे जीवरक्षक असलेल्या फ्रॅन्क पिया यांनी १९७० च्या दशकात हे लोकांपुढे मांडले. बुडणाऱ्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते, तेवढ्यात श्वासच जेमतेम घेता येतो. हाक कोठून मारणार? हात आपोआप पाणी खाली दाबतात, ते वर करता येत नाहीत. ही धडपड वीस सेकंदांपासून फार तर एका मिनिटापर्यंत चालते. मग सर्व शांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली; त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता.

त्या रात्री दोन्ही घरांत अन्न गोड लागले नाही. मुलीचे वडील पत्नीस टाकून बोलले. ती माऊली निमूट ऐकत राहिली. आम्हांला ते पाहवेना. आम्ही उठून म्हणालो, "तिला बोल लावू नका. ती आमच्या भरवशावर गेली होती. चूक आमची आहे." त्यावर कोणी काही बोलले नाही. स्नेहात एक चीर पडली की काय, अशी भीती वाटली.

दुसरा दिवस रविवार, पवित्र कुटुंबाचा सण. सकाळी आम्ही सर्वजण गावातील चर्चमध्ये मिस्सेला गेलो. त्या दिवशीचे शुभवर्तमान बारा वर्षांच्या येशूचे होते. यात्रेहून परतताना मरिया आणि योसेफ यांना वाटले, की मुलगा नातेवाईक व ओळखीच्या मंडळींत असेल. असे समजून ते दिवसभराची वाट चालून गेले. जन्मभर ऐकलेला हा उतारा त्या दिवशी जणू आमच्यासाठीच वाचला गेला. एवढे पुण्यवान आईबापही सोबतच्या मंडळींवर विसंबले होते. पण चूक कळताच एकमेकांस सोडून न जाता ते दोघे मिळून शोधण्यास मागे वळले. मिस्सा संपल्यावर छोटीच्या वडिलांनी पत्नीचा हात हाती घेतला आणि आमच्याकडे येऊन म्हणाले, "अंकल, काल मी फार बोललो." ती चीर तेथेच बुजली.

निघण्यापूर्वी मुलांनी पुन्हा पाण्यात जाण्याचा हट्ट धरला. आमच्या कन्येने एक लाल पंचा काढला. ज्याच्या खांद्यावर पंचा, त्याचा पहारा. त्याने वीस मिनिटे गप्पा मारावयाच्या नाहीत, फोन पाहावयाचा नाही, मुलांवरून दृष्टी काढावयाची नाही. वेळ संपली, की दुसऱ्याच्या खांद्यावर पंचा ठेवून "आता तुमचा पहारा" असे म्हणावे आणि त्याने "होय" म्हणावे. छोटीही त्या दिवशी जॅकेट घालून पाण्यात हसली.

वाचकहो, असली रिसॉर्ट आपल्या खेड्यांत नाहीत. पण पाणी सर्वत्र आहे. बेळगावकडे घटप्रभा व मलप्रभा आहेत, शेताशेतांत विहिरी व शेततळी आहेत. गोव्यात २४ जूनला सांजावाच्या सणाला तरुण मंडळी डोक्यावर फुलांची कोपेलां घालून विहिरींत उड्या घेतात. लग्नघरी, सणाच्या दिवशी, सहलीत माणसे पुष्कळ असतात, आणि म्हणूनच मुलांकडे कोणाचेच लक्ष नसते. अशा वेळी एकाच्या खांद्यावर पंचा टाका. तो शुद्धीवर असावा, मद्य न घेतलेला असावा, आणि त्याच्याजवळ दोर असावा.

कोणी बुडताना दिसल्यास पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, बांबू, लुगडे किंवा रिकामा बंद डबा टाकावा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबणे हे प्रकार करू नयेत. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकास बोलवावे. ही रीत धर्मग्रामातील तरुणांना एखाद्या परिचारिकेकडून शिकविण्याची व्यवस्था करता आली, तर सणापूर्वीचे ते मोठे पुण्यकार्य होईल.

प्रत्येक बालकास परमेश्वराने रक्षक देवदूत दिला आहे, ही आपली श्रद्धा. परंतु देवदूत आहे म्हणून आईबापांनी डोळे मिटावेत, असे ती श्रद्धा सांगत नाही. तो लाल पंचा आमच्या कन्येने निघताना आम्हांस दिला. तो आता आमच्या घरी, विहिरीकडे जाणाऱ्या दाराच्या खुंटीवर टांगलेला आहे.