विमानाच्या नावातला हिशेब

वसई-विरारकरांना परदेशी विमान नवं नाही. कुणाचा मुलगा आखातात नोकरीला, कुणाची लेक कॅनडात. रात्री-अपरात्री घोडबंदरची खाडी ओलांडून सहारच्या विमानतळावर सोडायला जाणारी गाडी इथल्या आळीआळीतून निघते. थेट जाणार की मध्ये उतरायचं, किती तासांत पोचणार, याची चौकशी होते. विमान कुठलं, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर आधीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातच असतात.

एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘सम्राट अशोक’, १९७१च्या एप्रिलमध्ये मुंबईत उतरलं. कागदोपत्री ते बोइंग ७४७-२३७बी. ७४७ हे मॉडेल, पुढचा २ म्हणजे २०० मालिका आणि ३७ हा बोइंगने एअर इंडियाला दिलेला ग्राहक क्रमांक. म्हणून नंतरची विमानं ७४७-३३७, ७४७-४३७ झाली. मालिका बदलली, की विमानाचा धंदाही बदलायचा.

जंबोचं पहिलं उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९चं. पुढच्या काळात प्रवासी ध्वनीहून वेगवान विमानांकडे वळतील, असा तेव्हाचा होरा होता. मग या अवाढव्य विमानाने निदान माल तरी वाहावा! नाक उघडून समोरून माल भरता यावा म्हणून कॉकपिट वर चढवलं आणि जंबोला ते ओळखीचं कुबड आलं. होरा चुकला, कुबड राहिलं. ३०० मालिकेत तो वरचा मजला मागे लांबवून आसनं वाढवली. एअर इंडियाने १९८८मध्ये घेतलेली अशी दोन विमानं ‘कॉम्बी’ होती: मुख्य मजल्यावर पुढे माणसं, मागे माल. त्यातल्या एकाचं नाव ‘शिवाजी’.

१९९३पासून ‘कोणार्क’, ‘अजंठा’ अशा नावांची ४०० मालिका आली. पंख साडेचौसष्ट मीटरच्या घरात गेले, त्यांची टोकं वर वळली, इंधनाची बचत झाली. मोठा बदल मात्र कॉकपिटमध्ये होता. जुन्या जंबोत दिवे, काटे, खटके मिळून ९७१ वस्तू होत्या; त्या ३६५वर आल्या. काट्यांच्या जागी पडदे आले आणि फ्लाइट इंजिनिअरची तिसरी खुर्ची गेली. वैमानिक या उपकरणांवर किती विसंबून असतो, हे मुंबईने त्याआधीच पाहिलं होतं. १ जानेवारी १९७८च्या रात्री दुबईला निघालेलं ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं; २१३ जण गेले. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनपुढचं उपकरण बिघडलं आणि अंधाऱ्या समुद्रावर त्यांना विमानाच्या स्थितीचा अंदाज राहिला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

जंबोची सद्दी संपवली ती दोन इंजिनांच्या ७७७ने. दोनच इंजिनं असलेल्या विमानाला एकेकाळी विमानतळापासून तासाभराच्या अंतरातच राहावं लागे. इंजिनं भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा सैल झाली. १९९५मध्ये सेवेत आलेल्या ७७७ला सुरुवातीलाच तीन तासांची मुभा मिळाली. ७७७-३००ईआरच्या इंजिनाचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा, म्हणजे विरार लोकलच्या डब्याहून जेमतेम हातभर अरुंद. अशी दोन इंजिनं असताना चार कोण पोसणार?

१ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली ती ७७७-२००एलआरने. ७७७मधला हा प्रकार सर्वांत लांब पल्ल्याचा. पण पल्ला फुकट मिळत नाही. साडेबारा हजार किलोमीटर न थांबता जायचं तर सुरुवातीच्या तासांत जे इंधन जळतं, त्यातलं बरंचसं शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच जातं. शिवाय या विमानात आसनं २३८, तर ३००ईआरमध्ये ३४२. इंधन महागलं तसा हा पल्ला अंगाशी आला. आठांपैकी पाच एलआर विमानं एअर इंडियाने एतिहाद या विमान कंपनीला विकली आणि अमेरिकेच्या थेट फेऱ्यांना ३००ईआर लावली. पल्ला थोडा कमी, पण या फेऱ्यांना पुरेसा, आसनं जास्त. हिशेब तिथे जुळला.

विमानाचे प्रकार पाहताना नवं ते चांगलं, लांबचं ते श्रेष्ठ, असं मोजू नये. किती माणसं, किती माल आणि किती लांब, या तिघांतलं एक वाढवलं की दुसऱ्याला कात्री लागते. प्रत्येक प्रकार म्हणजे त्या तिघांतली एक तडजोड.

ती तडजोड बहुधा तिकिटावर छापलेली असते. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७७एल म्हणजे २००एलआर, ७८८ आणि ७८९ ही बोइंग ७८७ ड्रीमलायनरची दोन भावंडं, ३५९ म्हणजे एअरबस ए३५०-९००. पुढच्या खेपेला सहारला कुणाला सोडायला निघाल, तेव्हा वेळेशेजारचा तो तीन अक्षरी संकेतही वाचा. विमान एका दमात का जातं किंवा मध्येच का उतरतं, याचा निम्मा उलगडा तिथेच होईल.