जुन्या पिकअपचे पाटे आणि स्टिअरिंग

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यात जे टेंभुर्णी गाव आहे (सोलापूर जिल्ह्यातील त्याच नावाचे गाव निराळे), त्याच्या आसपासचा मुलूख काळ्या कापसाच्या जमिनीचा असून, पावसाळ्यात फुगणारी आणि वैशाखात हात जाईल इतकी भेगाळणारी ही माती तिच्यावरून नेलेल्या कोणत्याही रस्त्याला फार दिवस सपाट राहू देत नाही. अशा प्रदेशात जी वाहने तीस-चाळीस वर्षे कापूस, मका, खताची पोती आणि माणसे वाहत आली, त्यांच्यापैकी एखादे आज शेताच्या गोठ्याशेजारी उभे असलेले दिसले आणि घरातल्या तरुण मुलाच्या मनात ते पुन्हा चालते करण्याची उमेद आली, म्हणजे तो बहुधा प्रथम रंगाऱ्याकडे जातो, मग इंजिनाकडे वळतो, आणि पुढच्या चाकांच्या वर व मागे जी पाटे, पिना, बुश आणि दांड्यांची गुंतागुंतीची रचना असते तिच्याकडे सर्वांत शेवटी, किंवा मुळीच पाहत नाही. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते. टाय रॉडचा, म्हणजे पुढच्या चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांडीचा, सांधा निसटला तर ती कोठे जाऊन थांबेल हे चालवणाऱ्याच्या हाती उरत नाही.

मराठवाड्यात अशा जुन्या पिकअपची गोष्ट निघाली की ती बहुधा जीपच्या घराण्यातील असते. महिंद्र आणि महंमद या नावाने १९४५ साली निघालेली पेढी फाळणीनंतर १९४८ मध्ये महिंद्र आणि महिंद्र झाली, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग मुंबईत माझगाव येथे आणून त्यांची जुळणी तिने सुरू केली. टेंभुर्णीचा हा सर्व टापू १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी खाती, सहकारी संस्था आणि बागायतदार यांच्याकडे जीप आली, आणि जीपचीच लांब केलेली चौकट घेऊन मागे उघडा हौदा बसवलेली पिकअपही आली. जुन्या सरकारी गाड्या लिलावात निघत, त्या खेड्यापाड्यांत येत, आणि येथील मिस्त्री त्यांना ट्रॅक्टरच्या हत्यारांनी व स्वतःच्या अकलेने वर्षानुवर्षे चालत्या ठेवत.

पुढच्या भागाची रचना समजून घ्यावयाची तर बैलगाडीपासून आरंभ करावा लागतो. बैलगाडीला वळवावयाचे झाले तर बैलच वळतात आणि दोन चाकांची धुरा त्यांच्यामागे जाते. चार चाकी गाडीत मात्र पुढची दोन्ही चाके एकाच कोनात वळली तर वळणाच्या आतले चाक रस्त्यावर घासत जाते, कारण त्याला लहान वर्तुळ कापावयाचे असते आणि बाहेरच्या चाकाला मोठे. म्युनिकचे घोडागाड्या बनवणारे कारागीर लँकेनस्पर्गर यांनी यावर तोड काढली, तिचे पेटंट इंग्लंडमध्ये अ‍ॅकरमन यांनी १८१८ साली घेतले, आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळेल अशी ती योजना, चाकांना जोडलेले हात किंचित आत झुकवून, आजही बहुतेक मोटारींत साधली जाते. म्हणून अपघातात वाकलेला स्टिअरिंगचा हात हातोड्याने अंदाजे सरळ करून पुन्हा बसवणे हे केवळ ओबडधोबड काम नव्हे, तर मूळ भूमितीच मोडणे होय.

आता पाट्यांकडे येऊ. पाटा म्हणजे पोलादाची कमानदार पट्टी, आणि एकावर एक लहान होत गेलेल्या अशा अनेक पट्ट्या मध्यभागी सेंटर बोल्टने बांधून, यू बोल्टांनी धुरेवर आवळल्या की त्यांचा एक संच होतो. प्रत्येक पट्टीची कमान मुद्दाम थोडी निराळी ठेवलेली असते, त्यामुळे आवळताना त्या परस्परांवर ताणून बसतात. आणि गाडी खड्ड्यात जाते तेव्हा त्या एकमेकींवर सरकतात, त्या घर्षणाने उसळी काही अंशी शमते. वर्षे लोटली की कमान बसते, पट्ट्यांच्या टोकांनी खालच्या पट्टीला खाचा पडतात, दोन पट्ट्यांमध्ये गंज शिरून त्या एकमेकींना चिकटतात, आणि मग जो संच लवचीक असावयास हवा तो लाकडाच्या ओंडक्यासारखा होतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांत सारखी हवा भरून, जमिनीपासून चौकटीपर्यंतची उंची डावीकडे व उजवीकडे मोजली म्हणजे कोणती बाजू बसली आहे हे चटकन कळते.

बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कसबी लोहार थंड पाटा ऐरणीवर ठेवून टोकापासून मध्याकडे सारख्या अंतराने हातोडा मारत नेतो आणि जुन्या कमानीच्या मापाशी ताडून पाहतो. ही कला खरी आहे, आणि ती जाणणारे हात कमी होत चालले आहेत याची खंत वाटते. परंतु घाईत पाटा भट्टीत लाल करून वाकवण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो घातक आहे. पाट्याच्या पोलादाला प्रथम तापवून तेलात विझवलेले आणि नंतर बेताच्या उष्णतेवर मुरवलेले असते, त्यातूनच त्याला लवून पुन्हा सरळ होण्याचा गुण येतो. एका जागी लाल झालेल्या पट्टीचा तो गुण जातो, आणि ती एक तर थोड्या महिन्यांत पुन्हा बसते नाही तर तापवल्याच्या सीमेवर मोडते. जी पट्टी तडकली असेल ती कधीही वेल्ड करू नये, नवी घ्यावी.

माल जास्त वाहता यावा म्हणून एखादा पाटा अधिक घालण्याचा प्रघातही सर्वत्र आढळतो. पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठरपणा आठपट होतो, आणि पट्ट्यांची संख्या वाढवली तर त्या प्रमाणात संचाचा ताठरपणा वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे असा एक पाटा घालून आपण खड्ड्याचा धक्का पाट्यातून काढून चौकटीवर, किंगपिनवर (चाक ज्या पिनेभोवती वळते तिच्यावर) आणि स्टिअरिंगच्या पेटीवर ढकलत असतो हे उघड होईल. चौकटीला हँगरजवळ, म्हणजे पाटा जेथे टांगलेला असतो तेथे, पडलेल्या चिरा पुष्कळदा याच अतिरिक्त पाट्याचा हिशेब देतात.

पाटे उतरवण्याचे काम सबुरीचे आहे. गाडी पक्क्या घोड्यांवर ठेवावी, नुसत्या जॅकवर कदापि नव्हे. प्रत्येक नटावर आदल्या दिवशी डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल टाकावे. आणि काही खोलण्यापूर्वी खडूने खुणा करून मापे वहीत उतरवावी. जुन्या विलीज पद्धतीच्या गाडीत पाट्याचे शॅकल (पाट्याचे टोक चौकटीला जोडणारे दुवे) इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे असून त्यांचे बुश आट्यांचे असतात, आणि त्यांच्यापैकी काहींना उलटे आटे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो पाना लावून जोर करतो, बुश अधिकच घट्ट होतो, आणि शेवटी गॅसने कापावा लागतो. उलट्या आट्याच्या शॅकलच्या खालच्या दांडीवर घडणीतच एक लहान उंचवटा ठेवलेला असतो; मातीचा थर खरवडून बोटाने चाचपला तर तो हाताला लागतो. बनवणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीवाल्यासाठी ठेवलेली ही निशाणी साठ-सत्तर वर्षांनंतरही आपले काम चोख बजावते, याचे मला मोठे कौतुक वाटते.

किंगपिन हा या साऱ्या रचनेचा गाभा. ज्या गाड्यांना पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते त्यांच्यात चाकाचा नकल, म्हणजे चाकासह वळणारा सांधा, वर आणि खाली दोन रोलर बेअरिंगांवर फिरतो, आणि त्यांच्यावरील ताण पातळ शिम घालून किंवा काढून साधावा लागतो. तो ताण स्प्रिंगच्या काट्याने नकल ओढून मोजतात. केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये साधी घडीव धुरा असते, आणि तिच्या टोकाला पोलादी पिनेभोवती पितळी किंवा ब्राँझचे दोन बुश असतात. ही पिन झिजली की चाक वरच्या बाजूने आत-बाहेर हलू लागते. नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांना रीमर मारून पिनेच्या मापाचे करावे लागते, आणि तो रीमर वरच्या व खालच्या बुशमधून एकाच रेषेत गेला पाहिजे; दोन्ही वेगवेगळे मारले तर पिन बसते खरी, पण चाक वळताना अडते. याहूनही बारीक एक गोष्ट आहे. बुशला ग्रीससाठी छिद्र असते, आणि ते नकलवरील निपलच्या छिद्रासमोर तंतोतंत आले पाहिजे. दाबताना बुश जरासा फिरला तर बाहेरून सर्व ठाकठीक दिसते, निपलही चकचकीत असते, पण ग्रीस आत जात नाही आणि नवा बुश थोड्याच काळात कोरडा घासून जातो. म्हणून पिन घालण्यापूर्वी निपलमधून बारीक तार घालून ती बुशच्या आत निघते की नाही याची खातरजमा करून घ्यावी.

स्टिअरिंगमध्ये चालकाच्या हातापासून रस्त्यापर्यंत एक साखळी आहे: स्टिअरिंगचे चाक, दांडा, पेटीतील पेच आणि त्यावर फिरणारा हात, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, जुन्या जीपमध्ये मध्यभागी बेलक्रँक, मग दोन टाय रॉड आणि शेवटी नकलचे हात. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली तरी तिची बेरीज हातात येईपर्यंत स्टिअरिंगच्या चाकाचा चांगला दोन-तीन बोटे रुंद प्ले होतो. सर्वसाधारण चूक अशी होते की हा सगळा प्ले पेटीच्या बाजूचा स्क्रू आवळून काढण्याचा प्रयत्न केला जातो. पेटी सर्वांत अधिक झिजते ती मध्यावर, कारण गाडी बहुतांश वेळ सरळच चालते. मध्यावरची ढिलाई निघेपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर ती जखडते आणि चाक आपोआप सरळ येत नाही. सबब पेटीला हात शेवटी लावावा. आधी एकाने गाडीत बसून, चाके जमिनीवर असतानाच, स्टिअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. कोणता सांधा आधी हलतो आणि त्याच्या पुढचा किती उशिराने, हे बोटांना कळते. जुन्या जीपमध्ये बेलक्रँकच्या पिनेत आणि बेअरिंगमध्ये पुष्कळदा दोष सापडतो. तिकडे कोणाचे लक्ष नसते.

कोनांविषयी थोडक्यात सांगतो. किंगपिन वरून किंचित मागे झुकलेली असते, म्हणून दवाखान्यातील ढकलगाडीच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक आपल्या सांध्यामागे ओढले जाते आणि सरळ राहते. विलीज जीपमध्ये हा कल तीन अंश, चाकाचा बाहेरचा कल दीड अंश, आणि दोन्ही चाकांची पुढची बाजू मागच्यापेक्षा आत असते ती इंचाचा तीन-चौसष्टांश ते तीन-बत्तिसांश, म्हणजे सुमारे सव्वा ते अडीच मिलिमीटर. पहिले दोन कोन धुरेच्या घडणीत आणि पाट्याच्या बसवणीत असतात, तिसरा टाय रॉडची लांबी कमीजास्त करून साधतात. तो मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. चाक उचलून टायरवर खडू लावावा, फिरवत खिळ्याने एक रेघ ओढावी, गाडी खाली सोडून थोडी पुढे ढकलावी, आणि चाकांच्या मध्याच्या उंचीवर पुढे व मागे रेघांमधले अंतर मोजावे. विशिष्ट वेगाला पुढचा भाग थरथरू लागतो त्याचे कारण बहुधा या कोनांत किंवा ढिल्या किंगपिनमध्ये असते. केवळ चाके बॅलन्स करून तो रोग जात नाही.

सुट्या भागांत स्वस्ताचा मोह धरू नये. टाय रॉड एंडचा खाचेदार नट आवळल्यावर त्यात नवी स्प्लिट पिन घातलीच पाहिजे. जुनी सरळ करून घातलेली पिन तुटते. पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, नकलचे हात हे घडीव पोलादाचे असतात, त्यांवर वेल्डिंग करणारा कारागीर कितीही नामांकित असो, त्याला नकार द्यावा.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये वाहनात मूळ नमुन्याहून भिन्न फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुने, खाजगी वापराचे वाहन चौकट, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न करता मूळ स्वरूपात राखले असेल तर त्याची विंटेज म्हणून निराळी नोंदणी होते. मात्र असे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. झिजलेला बुश काढून त्याच मापाचा घालणे ही दुरुस्ती आहे. दुसऱ्या गाडीची धुरा आणि पॉवर स्टिअरिंग बसवणे हा बदल आहे. ज्याला जुनी पिकअप जुनी म्हणून जपावयाची आहे त्याने ही सीमा काटेकोर पाळावी, आणि बदललेल्या प्रत्येक भागाची पावती कागदपत्रांसोबत ठेवावी.

काम पूर्ण झाल्यावर प्रथम रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, सावकाश जावे. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळावे, कारण नवे पाटे बसताना ते हमखास ढिले पडतात, आणि मधला सेंटर बोल्ट तुटण्याचे पहिले कारण तेच असते. पुढे दर हजार मैलांनी, म्हणजे सोळाशे किलोमीटरनी, प्रत्येक निपलला जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस द्यावे. आपल्या गावात असे काम जाणणारा वयस्क मिस्त्री असेल तर त्याच्यासोबत एक दिवस गाडीखाली घालवावा आणि तो जी मापे व खुणा सांगेल त्या वहीत लिहून घ्याव्यात. ती वही गाडीच्या दस्तऐवजांतच ठेवावी.