ठिपक्यातून आकार: समुद्रावरचे रडार-चित्रण

साध्या रडारच्या पडद्यावर विमान ठिपक्यासारखे दिसते. ते कुठे आहे आणि किती वेगाने चालले आहे हे त्यावरून कळते. ते कोणते आहे हे कळत नाही. ३ जुलै १९८८ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकी युद्धनौका ‘विन्सेन्स’ने इराण एअरचे दुबईला निघालेले एअरबस विमान एफ-१४ लढाऊ विमान समजून पाडले. त्यातील सर्व २९० जणांचा जीव गेला. एअरबसची लांबी सुमारे ५४ मीटर, एफ-१४ची १९ मीटर. पण ठिपक्याला लांबी नसते.

ठिपक्याचा आकार उलगडण्याची युक्ती होलोग्राफीची आहे. १९४७-४८च्या सुमारास डेनिस गॅबर यांनी मांडलेले तिचे तत्त्व असे: परतलेल्या लहरीची केवळ तीव्रता नोंदवून भागत नाही, तिची कलाही, म्हणजे ती चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे हेही, नोंदवावे लागते. दोन्ही हाती असले की वस्तूचे चित्र गणिताने उभे करता येते.

रडारमध्ये हे चित्र दोन अंगांनी घडते. पहिले अंग अंतराचे. रडारने ५०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात लहरी सोडल्या, तर एकमेकांपासून ३० सेंटिमीटर पुढे-मागे असलेले भाग वेगळे ओळखू येतात. दुसरे अंग आडवे. विमान वळते तेव्हा त्याचा एक पंख रडारकडे सरकतो, दुसरा दूर जातो आणि दोघांच्या प्रतिध्वनींची वारंवारता किंचित वेगळी होते. ३ सेंटिमीटरच्या लहरींना सुमारे ३ अंशांचे वळण मिळाले की आडवे भागही ३० सेंटिमीटरपर्यंत सुटे दिसतात. या पद्धतीला ‘इन्व्हर्स सिंथेटिक अपर्चर रडार’ म्हणतात. मिळालेले चित्र संगणक साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो. लाटांवर डुलणाऱ्या जहाजाची डोलकाठीही अशीच उमटते.

क्षेपणास्त्राची ओळख पटवणे त्याहून कठीण. ते लहान असते, सरळ नौकेच्या रोखाने येते, त्यामुळे वळण जवळजवळ मिळतच नाही. हाती लागते ती फक्त अंतराच्या दिशेची रेघ. शिवाय पाण्यावरून उसळलेले प्रतिध्वनी तीही गढूळ करतात. अँटेना २० मीटर उंचीवर असेल, तर ५ मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र सुमारे २८ किलोमीटरवर क्षितिजाच्या वर येते. सेकंदाला ३०० मीटर वेगाने ते दीड मिनिटात नौकेपाशी पोहोचते. ओळख पटवून निर्णय घ्यायला तेवढाच वेळ असतो.