चिमट्याच्या टोकाशी ओला डाग

चाकणला मर्सिडीज बनते, शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीची जुळणी होते, आणि चाकणहून शिक्रापूरमार्गे शेंद्र्याकडे जाणारा रस्ता अहिल्यानगरातून जातो. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, याच शहरात आहे. नव्या गाड्यांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. इथल्या रणगाडा संग्रहालयात तर रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडीही उभी आहे. त्या काळच्या गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आणि सांध्यांना वरचेवर वंगण द्यावं लागे. आजच्या महागड्या गाडीत सांधे सांभाळण्याचं काम रबर करतं, आणि काही गाड्यांत रबराच्या पोटात भरलेलं द्रव.

याला हायड्रो बुश म्हणतात. गॅरेजवाले ज्याला चिमटा म्हणतात, त्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी तो बसतो. बाहेर धातूची कडी, आत धातूची नळी आणि मधल्या रबरात दोन कप्पे. कप्प्यांत ग्लायकोलयुक्त द्रव असतं आणि ते एका अरुंद वाटेने इकडून तिकडे जातं. पाण्याने भरलेल्या सिरिंजचा दांडा जोरात दाबला की तो अडतो, तसंच इथे होतं. ब्रेक दाबल्यावर चाक मागेपुढे थरथरू लागलं, तर ती थरथर या अडण्यातच जिरते आणि स्टिअरिंगपर्यंत पोचत नाही. बीएमडब्ल्यूची ई-९० थ्री सिरीज, ऑडी ए-४, निसानची ३५०झेड ही स्पोर्ट्स कार, या सगळ्यांच्या पुढच्या चाकांपाशी असे बुश आहेत, आणि त्यांची गळती जगभरच्या मेकॅनिकांच्या ओळखीची आहे.

खड्डे आणि अवचित येणारे गतिरोधक रबराला ताणत राहतात. वय आणि उष्णता त्याला कडक करतात. एक दिवस ते फाटतं. द्रव गळून गेलं की तासाला ऐंशी-शंभरच्या वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग हातात थरथरतं, खड्ड्यात धप्प असा आवाज येतो, टायरची कड एका बाजूने झिजते.

इथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. डाग दिसला की शॉकअप बदलला जातो, थरथर जाणवली की ब्रेकच्या डिस्क. खरं तर गाडी लिफ्टवर चढवून डागाचा माग वरून खाली काढला, की बरंच उलगडतं. शॉकअपचं तेल त्याच्या दांड्यापाशी सुरू होऊन अंगावरून ओघळतं. ॲक्सलच्या फाटक्या रबरी बूटमधलं ग्रीस दाट असतं आणि फिरत्या चाकामुळे रिमच्या आत गोल उडालेलं दिसतं. बुशातलं द्रव पातळ. त्याचा काळपट ओघळ बुशापासूनच निघतो आणि त्यावर धूळ चिकटून लेप बसतो. जागा पुसून, थोडी गाडी चालवून पुन्हा पाहिलं की शंका उरत नाही. मग टॉमी, म्हणजे पहार, अडकवून दोन्ही बाजूंचे चिमटे हलवून बघायचे. रबरावरच्या बारीक रेषा चालतात. खोल चीर आणि गळती चालत नाही. द्रव पुन्हा भरण्याची सोय नसते.

बदलताना दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदललेले बरे. जुना हातोड्याने ठोकून काढू नये. प्रेसवर, योग्य मापाच्या कपाने दाबून काढावा. नव्याला दिशा असते. त्यावरची खूण चिमट्यावरच्या खुणेशी जुळवूनच तो बसवायचा. पॉलियुरेथेनचा बुश मिळतो, तो गळणार नाही. पण रस्त्याचा प्रत्येक खडा तो आत पोचवतो. रोजच्या गाडीला कंपनीचाच प्रकार योग्य.

सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटी येतं, आणि घाईत तेच चुकतं. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटू शकतो. म्हणून गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाला बोल्ट आवळायचे. जिथे कंपनी सांगते तिथे बोल्टही नवे घ्यायचे. त्यानंतर अलाइनमेंट.

आवळलेल्या बोल्टावर रंगाच्या पेनाने एक रेघ मारली जाते. महिन्याभराने गाडी पुन्हा लिफ्टवर चढली, की आधी ती रेघ सरकली का ते पाहायचं आणि मग बुशाखालून कोरडं फडकं फिरवायचं.