महानोरांची कविता पडद्यावर

कादंबरीवरून चित्रपट करताना कथानक सहज उचलता येते. लेखकाच्या निवेदनाचा सूर पडद्यावर आणणे अवघड. ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटात ते काम गाण्यांनी केले. गो. नी. दांडेकरांच्या त्याच नावाच्या कादंबरीत ठाकर समाजातला नाग्या आग्या मोहोळाच्या राणीमाशीशी वैर धरतो. दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी कथेचा मोठा भाग गीतांवर सोपवला. ती लिहिली ना. धों. महानोर यांनी, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे, सोयगाव तालुक्यातले शेतकरी. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातल्या या कवीचे शब्द सह्याद्रीतल्या ठाकरांच्या तोंडी कुठेही उपरे वाटत नाहीत, हे या रूपांतराचे खरे यश.

पुढे महानोरांचेच दीर्घकाव्य पडद्यावर आले. अजिंठा लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४मध्ये नेमलेला ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट गिल आणि स्थानिक तरुणी पारो यांची प्रेमकथा ‘अजिंठा’ या काव्यात आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२मध्ये त्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. पारोची भूमिका सोनाली कुलकर्णी यांची. काव्यात वाचकाच्या कल्पनेवर सोडलेली लेणी इथे भव्य नेपथ्यातून उभी राहतात. पारोची कबर अजिंठा गावात आजही आहे. देसाई यांचे निधन २ ऑगस्ट २०२३ रोजी झाले, महानोरांचे दुसऱ्याच दिवशी.