'द सिम्पसन्स'मधला गणपती, दुकानदार अपू आणि तीस वर्षांनी पेटलेला वाद

पिवळ्या चेहऱ्याच्या सिम्पसन कुटुंबाचा फोटो फीडमध्ये आला, की खाली ठरलेलं वाक्य असतं: 'यांनी आधीच सांगितलं होतं!' भविष्यवाण्यांच्या या गोंगाटात एक गोष्ट मागे पडते. या कार्टूनमध्ये आपला गणपतीही आहे.

१७ डिसेंबर १९८९ ला 'द सिम्पसन्स' अमेरिकेत सुरू झाली. साडेसातशेहून जास्त एपिसोड झाले, तरी मालिका चालूच आहे. होमर, मार्ज आणि त्यांची तीन मुलं ज्या स्प्रिंगफील्ड गावात राहतात, तिथं अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याचं नाव सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीवरून ठेवलेलं.

शेंगदाण्याचा प्रसंग (१९९२)

'होमर द हेरेटिक' या एपिसोडमध्ये होमर चर्चला जाणं बंद करतो. अपूच्या दुकानात तो गणपतीची मूर्ती बघतो आणि शेंगदाणा पुढे करतो. अपू शांतपणे सांगतो, माझ्या देवाला शेंगदाणा देऊ नका.

पुढे होमरच्या घराला आग लागते आणि ती विझवायला आलेल्यांत अपूही असतो. चर्चचे पाद्री मदत करणाऱ्यांचे धर्म मोजताना ख्रिश्चन, ज्यू म्हणतात आणि अपूला 'किरकोळ' खात्यात टाकतात. अपू सुनावतो, आम्ही हिंदू सत्तर कोटी आहोत. इथं हसू येतं ते पाद्रीबुवांच्या अज्ञानावर.

परक्यांना हाकला! (१९९६)

'मच अपू अबाउट नथिंग'ची सुरुवात गावात एक अस्वल शिरण्यापासून होते. अस्वलांवर पहारा बसतो, त्यासाठी कर वाढतो, लोक चिडतात. मग महापौर सगळं खापर बेकायदा स्थलांतरितांवर फोडतात आणि त्यांना बाहेर काढण्याचा ठराव मतदानाला येतो. कॅलिफोर्नियात १९९४ साली मंजूर झालेल्या 'प्रपोझिशन १८७' ची ही खिल्ली होती.

व्हिसा संपलेला अपू अभ्यास करून नागरिकत्वाची परीक्षा देतो. अमेरिकी यादवी युद्धाची कारणं विचारल्यावर तो इतकं सविस्तर उत्तर देऊ लागतो, की परीक्षकच म्हणतो, बाबा, फक्त गुलामगिरी म्हण. जन्मानं अमेरिकन असलेल्यांपेक्षा त्यालाच देश जास्त माहीत आहे.

लग्नमांडवात 'गणपती' (१९९७)

अपूचं लग्न लहानपणीच मंजुळाशी ठरलेलं. म्हणजे कांदेपोहेही नाहीत, थेट मांडव! लग्न मोडायला होमर गणपतीचं सोंग घेऊन येतो. पण वऱ्हाडी फसत नाहीत. एक पाहुणा त्याच्या मागे लागतो आणि होमर झाडावर चढतो.

मग वाद कशाचा?

अपूला आवाज द्यायचे हँक अझारिया, एक गोरे अमेरिकी कलाकार. मुद्दाम जाड केलेला 'भारतीय' उच्चार हीच पात्राची ओळख झाली. त्या काळात अमेरिकी टीव्हीवर भारतीय चेहरे जवळपास नव्हतेच. त्यामुळे शाळेत भारतीय मुलांना चिडवायला 'अपू' हा शब्द आयता मिळाला.

२०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं 'द प्रॉब्लेम विथ अपू' या माहितीपटात हे मांडलं. काल पेन, हसन मिन्हाज यांसारखे कलाकार त्यात बोलले. एप्रिल २०१८ च्या एका एपिसोडमध्ये मालिकेनं लिसाच्या तोंडून 'आता काय करणार' अशा सुरात उत्तर दिलं आणि टीका आणखी वाढली. जानेवारी २०२० मध्ये अझारिया यांनी अपूचा आवाज सोडल्याचं जाहीर केलं आणि २०२१ मध्ये माफीही मागितली.

आपला काय संबंध?

मुंबई-गोवा महामार्गावर पेणला रामवाडी लागते. पेण परिसरातल्या कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्ती गणेशोत्सवाच्या काही महिने आधीच समुद्रमार्गे परदेशी निघतात. अमेरिकेतल्या मराठी घरात ती मूर्ती बसते, तेव्हा त्या घरातल्या मुलाला वर्गात विचारलं जातं: हत्तीचं तोंड असलेला हा देव कोण? विचारणारा उत्सुकतेनं विचारतोय की चिडवायला, यावर त्या मुलाचा अख्खा दिवस ठरतो.

एखाद्या क्लिपवर चिडायचं की हसायचं, हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे: विनोद कुणावर आहे? शेंगदाणा देणाऱ्या होमरवर असेल, तर खुशाल हसा. फक्त अपूच्या बोलण्याच्या ढबीवर असेल, तर जरा थांबा. गंमत म्हणजे दोन्ही प्रकार एकाच मालिकेत, कधीकधी एकाच एपिसोडमध्ये सापडतात. म्हणून दहा सेकंदांची क्लिप पाहून मत बनवण्यापेक्षा शक्य असेल तर अख्खा एपिसोड बघा.

आणि आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत भय्या, मद्रासी किंवा गावाकडचा माणूस आला की आपण नेमकं कशाला हसतो, हेही एकदा याच कसोटीवर तपासून बघा.